खांद्याचा टेंडन फाटलाय, पण आग तर अंगठ्यापर्यंत होतेय

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलाने विचारलं आहे. थोडक्यात सांगते. आईचं वय ५७, सहा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. डिसेंबरात विरळणी आणि डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) करताना उजवा खांदा धरला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर खांद्यापासून अंगठ्यापर्यंत आग होते, मुंग्या येतात, ब्लाउजची बाही घासली तरी सहन होत नाही. एमआरआयमध्ये ‘सुप्रास्पायनेटस पार्शियल टिअर’ आला, म्हणजे हात उचलणाऱ्या एका स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, टेंडन, अर्धवट फाटलाय. एक डॉक्टर दुर्बिणीतून ऑपरेशन करू म्हणतात. दुसरे म्हणतात, मानेतली शीर दबलीय, खांद्याला हात लावू नका. नसेची गोळी दिली होती, पण चक्कर यायला लागली म्हणून आईने बंद केली. रात्री ती हात डोक्यावर ठेवून झोपते. टेंडन फाटल्यामुळे शीर दुखू शकते का? आणि ऑपरेशन करावं का?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: आई हात डोक्यावर ठेवून झोपते.

मी नाशकात बावीस वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि एमआरआयची फिल्म उघडण्याआधी मला असलीच माहिती हवी असते. ज्याचा खांद्याचा टेंडन दुखावलाय त्याला हात वर नेणं हीच शिक्षा असते. तो हात पोटाशी धरतो, खाली उशी घेतो आणि कसाबसा झोपतो. उलट हात डोक्यावर ठेवल्यावर ज्याला बरं वाटतं, त्याची कळ बहुधा मानेतून निघालेली असते. हात वर गेला की मणक्यातून बाहेर पडणाऱ्या नसेच्या मुळावरचा ताण सैल पडतो. आम्ही तपासताना मुद्दाम ही खूण करून बघतो. तुमच्या आईने ती कुणी न सांगता स्वतःच शोधली.

तरीही दुसरे डॉक्टर बरोबर आणि पहिले चूक, असा निकाल मी देणार नाही. न तपासता तर नाहीच. माझा अंदाज असा की दोघेही अर्धे अर्धे बरोबर आहेत, आणि द्राक्षाच्या पट्ट्यात हे फार वेळा दिसतं. मांडवाखाली बाई काम करते तेव्हा तिचं शरीर कसं असतं ते आठवा. दोन्ही हात डोक्याच्या वर, मान मागे टाकलेली, नजर घडावर, आणि हे दिवसाचे सहा-सात तास. हात वर ठेवल्याने खांद्यातला टेंडन हाडाच्या छताखाली रगडला जातो. मान मागे टाकल्याने मणक्यांमधल्या ज्या फटींतून नसा बाहेर पडतात त्या अरुंद होतात. एकाच कामातून दोन दुखणी येतात. त्यात योगायोग असा की खांदा फिरवणारे स्नायू आणि दंडाच्या बाहेरच्या अंगाची ते अंगठ्यापर्यंतची त्वचा, दोन्हीकडे मुख्यतः मानेतल्या पाचव्या आणि सहाव्या नसेच्या मुळातूनच तारा जातात. त्यामुळे खांदा दुखला की मान, आणि मान दुखली की खांदा, असा संशयाचा गोंधळ डॉक्टरांचाही होतो.

माझ्याकडे कुणी आलं की मी विचारते, ‘मावशी, कुठे दुखतं ते हाताने दाखवा.’ तोंडाने नाही, हाताने. टेंडनचं दुखणं असलेली बाई दुसऱ्या हाताचा अख्खा तळवा दंडाच्या वरच्या बाजूला ठेवते आणि चोळते: ‘हे इथं सगळं.’ ते दुखणं सहसा कोपराच्या खाली उतरत नाही. नसेचं दुखणं असलेली बाई एक बोट काढते आणि रेघ ओढते, मानेच्या बुडापासून दंडावरून, मनगटाच्या वरच्या अंगाने थेट अंगठ्याशी. ही काही पक्की तपासणी नव्हे, दहातल्या दोघी-तिघी फसवतात. पण पुढचे प्रश्न कोणते विचारायचे ते त्या हातावरून ठरतं.

मग शब्द. आपल्या मराठीत दुखण्याला जेवढे शब्द आहेत तेवढे वापरले तर अर्धं निदान तिथेच होतं, पण दवाखान्यात गेल्यावर माणसं घाबरून सगळ्याला ‘पेन होतंय’ म्हणतात. ठणका, ओढ, जडपणा, काम केल्यावर वाढणारी कळ, हे बहुतेक वेळा टेंडनचे किंवा सांध्याचे शब्द. आग, चटका, करंट, मुंग्या, बधिरपणा, बाही लागली तरी कळवळणं, हे नसेचे शब्द. नसेचं दुखणं हुडकायला डॉक्टर ‘डीएन४’ नावाची दहा मुद्द्यांची छोटी चाचणी वापरतात. सात गोष्टी विचारायच्या, तीन हाताने तपासायच्या: हलका स्पर्श कळतो का, टोचलेलं कळतं का, आणि मऊ ब्रश फिरवला तर दुखतं का. दहापैकी चार किंवा जास्त आले तर नसेचा भाग धरायचा. त्यात ‘वेदनादायक थंडी’ असा एक प्रश्न आहे. तो असा शब्दशः विचारला की कुणालाच कळत नाही. मी विचारते, ‘गार पाणी झोंबतं का?’ लगेच उत्तर येतं. तुम्ही लिहिलेल्यावरून आईच्या निदान तीन गोष्टी इथेच भरतात, आग, मुंग्या आणि बाहीचा स्पर्श. चौथी सापडायला फार शोधावं लागणार नाही. फक्त लक्षात ठेवा, ही चाळणी आहे. नस कुठे बिघडलीय हे ती सांगत नाही.

आता रिपोर्टबद्दल. १९९५ मध्ये खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ लोकांचे एमआरआय काढले गेले. साठीच्या पुढच्या ५४ टक्के लोकांच्या टेंडनमध्ये टिअर निघाला, कुणाचा अर्धा, कुणाचा आरपार. ते लोक खुशाल हात वर करत होते. आईचा टिअर खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण ५७ व्या वर्षी, चाळीस वर्षं बागेत राबलेल्या खांद्यात अर्धवट टिअर दिसला, एवढ्यावरून आग तिथूनच येते हे ठरत नाही. आणि हाच न्याय मानेलाही लावा. २०१५ मध्ये जपानमध्ये १,२११ निरोगी लोकांच्या मानेचे एमआरआय तपासले, तर ८७.६ टक्के लोकांत गादी बाहेर आलेली दिसली. म्हणजे उद्या मानेचा एमआरआय केलात आणि त्यात ‘डिस्क बल्ज’ लिहून आलं, तर तेवढ्यानेही हुरळून जायचं नाही. फोटोत दिसलेलं आणि हाताने तपासून सापडलेलं एकमेकांशी जुळलं तर त्याला अर्थ.

टेंडन फाटल्यामुळे शीर दुखू शकते का, हा तुमचा नेमका प्रश्न. हो, पण वाटा वेगवेगळ्या आहेत.

पहिली वाट खांद्याच्या अगदी शेजारची. खांद्याच्या फऱ्यावर एक खाच असते, तिच्यातून सुप्रास्कॅप्युलर नावाची नस जाते. सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस या दोन स्नायूंना हीच नस चालवते, आणि खांद्याच्या सांध्याची बरीचशी जाणीवही तीच वाहते. टेंडन पूर्ण फाटून स्नायू आत ओढला गेला तर ती नस ताणली जाऊ शकते, असं काही शल्यविशारद मानतात. सगळे मानत नाहीत. अर्धवट टिअरमध्ये ही शक्यता मला कमी वाटते. शिवाय या नसेचं दुखणं खांद्याच्या मागे खोलवर, बोथट असतं. अंगठ्यापर्यंत आग ती करत नाही. या नसेचा माझ्या लक्षात राहिलेला रुग्ण म्हणजे व्हॉलीबॉल खेळणारा कॉलेजचा एक मुलगा. दुखणं जवळपास नाहीच, पण सर्व्हिसचा जोर गेला. शर्ट काढून पाठ खिडकीकडे करायला लावली, तर उजव्या फऱ्याच्या आडव्या हाडाखाली वाटीएवढा खळगा. सांध्याच्या कडेची पाण्याची गाठ नसेवर बसली होती. म्हणून सांगते, आईला पाठमोरी बसवा, बाजूने उजेड पडू द्या आणि दोन्ही फरे ताडून बघा. टेंडनच्या जुन्या टिअरनेही स्नायू सुकतो, पण खळगा दिसला तर डॉक्टरांना सांगा.

दुसरी वाट खुद्द टेंडनची. चांगल्या टेंडनच्या आत नसेचे धागे अगदी मोजके असतात. तो महिनोन्‌महिने दुखत राहिला की त्याच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि त्यांच्यासोबत वेदना वाहणारे बारीक धागेही. जिथे तारा नव्हत्या तिथे तारा येतात. त्यापुढे मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू जास्तच जागे होतात. मोटरच्या स्टार्टरचा ओव्हरलोड कुणी फार खाली लावून ठेवला तर मोटर चांगली असूनही तो ट्रिप होतो ना, तसं. बाहीचा स्पर्श एरवी दुखायचं काहीच कारण नसताना दुखतो तो बऱ्याचदा यामुळे. अशा वेळी नस कापलेली किंवा दबलेली नसतेच. अशा दुखण्याला आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यासकांच्या संघटनेने २०१७ मध्ये ‘नोसिप्लास्टिक’ असं वेगळं नाव दिलं. नावाशी तुम्हाला घेणंदेणं नाही, पण ‘तपासण्या नॉर्मल आहेत, म्हणजे मनाचं आहे’ असं कुणी आईला म्हणालं तर ते चूक आहे, एवढं पक्कं धरा.

तिसरी वाट मान, तिच्याबद्दल वर बोलले. चौथी साखर. मधुमेहात नसा आधीच कमकुवत असतात, त्यामुळे थोड्या दाबानेही कुरकुरतात. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी घरात तर आणखी. सहा वर्षं मेटफॉर्मिन आणि आता मुंग्या, तर बी-१२ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) या दोन तपासण्या मी एमआरआयच्या आधी करवून घेतल्या असत्या. खर्च किती कमी, ते लॅबमध्ये विचारा. मात्र साखरेने होणारा नसांचा आजार सहसा दोन्ही पायांपासून सुरू होतो. पाय चांगले आणि एकाच हाताला आग, तर साखर हे एकटं कारण नसतं, ती आगीत तेल ओतते इतकंच.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगायलाच हवी. साधारण बारा वर्षांपूर्वी कांद्याच्या गोण्या उचलणारा एक हमाल आला. खांद्याचा टिअर जुना, माहितीतला. म्हणाला, ‘मॅडम, दोन दिवसांपासून आग होतीय, बनियन लागलं तरी सहन होईना.’ मी टिअरच वाढला असणार असं धरून शेक दिला, मशीन लावली, दोन दिवस. शर्टावरूनच बघितलं. तिसऱ्या दिवशी तो आला तो रागाने लाल. खांद्यापासून दंडापर्यंत पाण्याचे फोड. ‘तुमच्या मशीनने भाजलं.’ मशीनने भाजलेलं नव्हतं, नागीण होती. नागिणीत पुरळ येण्याच्या दोन-चार दिवस आधीपासून आग सुरू होऊ शकते, आणि फोड आल्यावर पहिल्या ७२ तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर फायदा जास्त. गेरू लावून, उतारा करून तो वेळ अनेक जण घालवतात. माझ्या त्या माणसाने नशिबाने घालवला नाही. पण त्या दिवसापासून कपडा बाजूला केल्याशिवाय मी एकही खांदा तपासत नाही. तुमच्या आईचं दुखणं कित्येक महिन्यांचं आहे, त्यामुळे ताजी नागीण नसावी. पण मध्ये कधी पट्ट्यासारखं पुरळ येऊन गेलं का, हे विचारा. नागीण गेल्यावरही तिची आग मागे राहते.

काही गोष्टी अशा आहेत की त्या असतील तर हे सगळं वाचत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. हाताची पकड सुटत चाललीय, करंगळीकडची बोटं बधिर झालीत आणि त्याच बाजूची पापणी उतरलीय. वजन घटतंय. दोन्ही हातांना बटणं लावता येईनात, चालताना तोल जातो. अचानक एका रात्री खांद्यात असह्य कळ आली, ती काही दिवसांत ओसरली आणि मग हात उचलेनासा झाला. यातलं शेवटचं दुखणं फार वेळा टेंडनच्या नावावर खपतं. १९४८ पासून त्याची नीट नोंद आहे, तरीही.

नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही आणि ईएमजी, डॉक्टर सांगतील. करा, पण दोन गोष्टी जाणून. स्नायूंच्या ईएमजीत बदल दिसायला नस दुखावल्यापासून साधारण तीन आठवडे लागतात; तुमचा तो वेळ उलटून गेलाय, तेव्हा चिंता नाही. दुसरं, आग वाहणारे धागे अतिशय बारीक असतात आणि एनसीव्ही त्यांना मोजतच नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे नसेचं काहीच नाही, असा अर्थ काढू नका.

गोळीबद्दल. आईने बंद केली ती बहुधा प्रेगाबालिन असेल, आपल्याकडे ती मिथाइलकोबालामिनसोबत एकाच गोळीत सर्रास मिळते. औषध लिहिणं माझं काम नाही. पण चक्कर आली म्हणून गोळी कायमची बाद, असं होऊ नये. बरेच डॉक्टर रात्री झोपताना अगदी लहान डोसने सुरू करून सावकाश वाढवतात, आणि मूत्रपिंड थकलेलं असेल तर डोस आणखी कमी ठेवतात. मधुमेही माणसाचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, आधी बघायला हवं. नाही सोसली तर अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन असे दुसरे पर्याय आहेत. पुन्हा सुरू केली तर मात्र मनाने एकदम थांबवायची नाही. आणि साध्या पेनकिलरने आग विझत नाही. आठ महिन्यांत आईने मेडिकलमधून आणून डायक्लोफेनॅकच्या किती गोळ्या खाल्ल्या, ते एकदा मोजा. मधुमेह असताना त्या मूत्रपिंडाला परवडत नाहीत.

व्यायामाच्या बाबतीत आमच्याच लोकांकडून नुकसान होताना मी पाहिलंय. ‘नस मोकळी करू’ म्हणत हात ताणून धरतात, दोरीच्या पुलीने हात वर ओढतात, बाई घरी जाऊन रात्रभर रडते. चिडलेली नस ताणायची नसते. तिला मागेपुढे हलकं सरकू द्यायचं असतं. आईला खुर्चीवर बसवा. कोपर वाकवून तळहात चेहऱ्यासमोर, आरसा धरल्यासारखा. हात सावकाश बाजूला, दुखायला सुरुवात होण्याआधीपर्यंतच न्यायचा, आणि त्याच वेळी मान त्याच हाताकडे कलती करायची. हात परत आणताना मान सरळ. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी आग वाढली असेल तर निम्मं करा. मान उलट दिशेला कलती केली की तोच व्यायाम ताण होतो, म्हणून पहिल्यांदा कुणाकडून तरी समोर करून घ्या. टेंडनसाठी कोपर अंगाला चिकटवून भिंतीवर मुठीने हलका दाब, दहा-पंधरा सेकंद, हात खांद्याच्या खालीच. एवढं पुरे. ब्रिटनमध्ये ७०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, टेंडनच्या दुखण्याला फिजिओथेरपिस्टने सहा सत्रांपर्यंत व्यायाम करवून घेणं आणि एकदाच नीट समजावून घरी करायला सांगणं, यात वर्षअखेरीस फरक दिसला नाही. आमच्या धंद्याला न आवडणारी गोष्ट आहे, पण खरी आहे. म्हणून नाशिकला रोज एसटीने खेपा घालू नका. पंधरवड्यातून एकदा या.

आणि ऑपरेशन. आज तरी नाही. ब्रिटनमधल्या त्याच २०२१ च्या चाचणीत स्टिरॉइडच्या इंजेक्शनचाही दूरचा फायदा दिसला नव्हता. मधुमेह असेल तर हे इंजेक्शन साखर काही दिवस वाढवतं, हेही ध्यानात ठेवा. त्याआधी, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३१३ रुग्णांच्या चाचणीत, दुर्बिणीतून खांद्यातलं हाड घासून जागा करणं आणि नुसती दुर्बीण घालून बघून बाहेर येणं, यांत रुग्णांच्या दृष्टीने मोल असलेला फरक निघाला नाही. टेंडन शिवण्याचं ऑपरेशन वेगळं, त्याला जागा आहे, विशेषतः पडून झडून आरपार फाटला असेल तर. पण ज्यांच्या दुखण्यात आगीचा भाग मोठा असतो ते ऑपरेशननंतर बाकीच्यांएवढे सुखी नसतात, हे मी माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं पाहतेय. टेंडन शिवला, फिल्म सुंदर, आणि बाई म्हणते, ‘आग तशीच आहे गं.’ तेव्हा सर्जनला तीन गोष्टी विचारा. आईचा कोणता त्रास या ऑपरेशनने जाईल, कोणता राहील? मान तपासली का? सुप्रास्कॅप्युलर नसेला भुलीचं इंजेक्शन देऊन किती आराम पडतो ते आधी बघायचं का? हा ब्लॉक ऑर्थोपेडिक किंवा वेदनातज्ज्ञ देतात. त्याने खांदा शांत झाला आणि अंगठ्याची आग तशीच राहिली, तर कोणतं दुखणं कुठलं ते तिथल्या तिथे वेगळं होतं.

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे, आणि आई घरात बसणार नाही हे मला न सांगता कळतं. छाटणी, डिपिंग यातलं काहीही तिच्याकडे देऊ नका. काड्या गोळा करणं, डबे भरून देणं, मजुरांचा हिशोब, हे कंबरेच्या उंचीचं काम द्या. विरळणीला ती हट्टाने मांडवाखाली गेलीच, तर वीस मिनिटांवर बाहेर बोलवा आणि घड डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंच, चार पायांवर पक्क्या बाकावर तिला उभी करा. क्रेट उलटा टाकून नको. नसेची गोळी पुन्हा सुरू झाली, तर रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळीही राहू शकते आणि तोल जाऊ शकतो.